कोंडाजीच्या हद्दीतला क्लच

गाडी चालायला चांगली होती. उभी राहायला वाईट होती. आणि आमच्या वाडीत गाडी चालते थोडी, उभी राहते फार.

माझ्या मुलाला, सहदेवला, बिरवाडीच्या बाजूला एका कारखान्यात काम लागलं तेव्हाची ही गोष्ट. आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरात. मुक्कामाची एसटी सकाळी वाडीखालून निघते, पण ती महाडला पोहोचेपर्यंत कारखान्यात पहिल्या पाळीचा चहासुद्धा होऊन गेलेला असतो. म्हणून सहदेवने महाडातून एक जुनी मोटारसायकल घेतली. आधीचा मालक तिच्यावरून मासळीचे खोके न्यायचा. वजन पेलावं म्हणून त्याने मागे उंच शॉकअप बसवले होते. डबल स्टँड वाटेतल्या दगडांना लागतो म्हणून काढून टाकला होता. डाव्या हँडलच्या टोकाला रबरी फुग्याचा भोंगा लावला होता, गावोगाव मासळी आल्याची वर्दी द्यायला. तो भोंगा सहदेवने काढला नाही. फुकट आलेली वस्तू होती.

उरला साईड स्टँड. गाडी मागून उंच झाली होती, स्टँड होता तेवढाच राहिला होता. त्यामुळे गाडी लावली की डावीकडे इतकी कलंडायची की बघणारा धरायला धावायचा. पडायची मात्र नाही. पिऊन आलेला माणूस भिंतीला खांदा लावून राहतो तशी राहायची.

आमच्या घरापुढे गाडी लावायला जागा एकच, गडग्याच्या कडेला. गडगा म्हणजे नुसत्या दगडांचा रचलेला गुडघाभर बांध. त्याच्या पलीकडे, एक पायरी खाली, कोंडाजीचं अंगण. कोंडाजी माझा चुलत भाऊ, माझ्याच वयाचा. चढाला तोंड करून गाडी लावली की तिची डावी बाजू कोंडाजीकडे यायची. उताराला तोंड केलं तर स्टँड आपोआप मिटायचा आणि गाडी तुळशीकडे निघायची. माझी बायको ठकूबाई हिने एकदाच सांगितलं, "तुळस पडली तर गाडी विहिरीत." खाली रस्त्याला ठेवून बघितली, तर वानरांनी सीट फाडलं. तेव्हा तोंड चढाला आणि कलंडणं कोंडाजीकडे, असं ठरलं. ठरलं म्हणजे गाडीनेच ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर हँडलवर ओला पंचा वाळत घातलेला.

"कोंड्या, पंचा कुणाचा रे?" मी गडग्यावरून ओरडलो.

"माझा."

"आणि हँडल कुणाचं?"

"ते पण माझंच. बघ कुठं हाय ते."

मी बघितलं. हँडल गडगा ओलांडून त्याच्या अंगणात लोंबत होतं. मला काय ते समजलं.

त्यासाठी फणसाचं सांगायला हवं. घराच्या मागे कोंडाजीच्या जागेत एक फणस आहे. कापा फणस, गरा असा की तोंडात मोडतो. त्याची एक फांदी फार वर्षांपूर्वी माझ्या परसात आली. तिच्यावरचे फणस कुणाचे, यावर आम्ही गावकीत गेलो. मी तेव्हा उभा राहून बोललो होतो, "झाड त्याचं. पण जमीन माझी, आणि जमिनीवरची हवा जमिनीवाल्याची. माझ्या हवेत जे लोंबतं ते माझं." गावकीने मान्य केलं. मग कोंडाजीने फांदीला दोर बांधून ती आपल्याकडे ओढायला सुरुवात केली. मी पुन्हा गावकीत गेलो. गावकीने निकाल पक्का केला: जे कलंडलं ते कलंडलेलंच राहील. दोर लावायचा नाही, टेकू लावायचा नाही, तोडायचं नाही. ज्याच्या हद्दीत कलंडलं त्याने राजीखुशीने हो म्हटलं तरच हात लावायचा.

निकाल बरोबर होता. मी आजही तेच म्हणतो. फक्त तेव्हा मोटारसायकल कुणाच्या डोक्यात नव्हती.

शिमग्याला मुंबईची मंडळी गावात आली आणि गावकी सहाणेवर बसली. सहाण म्हणजे देवळापुढचा पालखीचा चौथरा. मधोमध भागोजी आबा. सगळ्यांत जुने पंच, बोलताना सुपारी कातरायचे आणि सुपारी संपेपर्यंत निकाल द्यायचे नाहीत. कोंडाजीने आपलं म्हणणं मांडलं. आबांनी बराच वेळ सुपारी कातरली.

"आधी हे सांगा, गाडी जनावरात धरायची की झाडात?"

"चालते म्हणजे जनावर," मुंबईहून आलेला एक जण म्हणाला.

"जनावराने दुसऱ्याच्या अंगणात तोंड घातलं तर ते कोंडवाड्यात जातं," आबा म्हणाले. "कोंडवाडा पोलादपूरला. तिथं चारा आपला आपण द्यायचा."

माझ्या डोळ्यांपुढे सहदेवची गाडी दावणीला दिसायला लागली. "झाडात धरा, आबा," मी घाईने म्हणालो.

"ऐकलंत?" कोंडाजी उठून उभाच राहिला. "मी नाय बोललो. रावजी बोलला."

"झाडाला मूळ पाहिजे," मुंबईवाला अजून नेट धरून होता.

"स्टँड जमिनीत रुतलाय. येऊन बघ. ते मूळ नाय तर काय?"

सगळी गावकी उठून आमच्या अंगणात आली. आबांनी एका दोरीला आपला अडकित्ता बांधला आणि तो ओळंब्यासारखा गडग्याच्या माथ्यावर धरला. अडकित्ता हलायचा थांबेपर्यंत कुणी श्वास घेतला नाही. मग आबांनी एकेक वस्तू बोट लावून सांगितली. क्लच, डावा आरसा, डावा इंडिकेटर आणि भोंगा कोंडाजीकडे. टाकी, सीट, चाकं, इंजिन सहदेवकडे. पुढचा दिवा नेमका दोरीवर आला होता. तो दोघांचा ठरला.

"म्हणजे क्लच काढून घेणार?" सहदेवने विचारलं.

"काढायचा कशाला? फणसाची फांदी कुणी काढली का?" आबा म्हणाले. "गाडी कलंडलेली हाय तोवर तो कोंडाजीचा. उभी करून वाटेला लागली की तुझा. पण उभी करायला हात घालशील तो कोंडाजीला विचारून."

सहदेव माझ्याकडे बघायला लागला. गावकीचा शब्द मोडला की पुढच्या शिमग्याला देवाची पालखी दारात थांबत नाही, सरळ पुढे जाते. तसं आमच्या घराच्या बाबतीत कधी झालं नव्हतं.

तेव्हापासून रोज पहाटे सहदेव डबा घेऊन गडग्यापाशी उभा राहायचा आणि हाक मारायचा, "काका, क्लच द्या."

कोंडाजी जागाच असायचा. त्याला झोप कमी. पण तो लगेच यायचा नाही. आधी तो मशेरी लावायचा.

"अहो काका, उशीर होतोय."

"मशेरी लावल्याबिगर मी देवाला हात लावत नाय. क्लचला कसा लावू?"

मग चूळ. मग टोपी. टोपीशिवाय दुसऱ्याला वस्तू द्यायची नसते, असं तो म्हणायचा. मग गडग्यापाशी येऊन दोन्ही हातांनी हँडल उचलून धरायचा आणि तोंड पूर्वेला करून म्हणायचा, "दिला." मुलीची पाठवणी करावी तसा. तेवढ्यात त्याची बायको चंपाबाई धावत यायची. आरशात कुंकू लावायचं राहिलेलं असायचं. तिने आरसा आपल्या उंचीला वळवून ठेवला होता आणि तो पुन्हा वळवायचा नाही असं सहदेवला बजावलं होतं. त्यामुळे आमचा मुलगा पोलादपूरपासून बिरवाडीपर्यंत मागून काय येतंय हे न बघता, आरशात नुसते आंब्याचे शेंडे बघत जायचा. इंडिकेटरला चंपाबाई सुकटीची टोपली अडकवायची, मांजराच्या तोंडून वाचावी म्हणून. ती टोपली एकदा तशीच कारखान्यात गेली. संध्याकाळी परत आली तेव्हा अर्धी होती.

"सुकट कुठं गेली रे?" चंपाबाईने विचारलं.

"काकी, आमच्या खात्यात सगळे कोकणातलेच हायत."

उशीर व्हायचाच. एकदा झाला, दुसऱ्यांदा झाला. सुपरवायझर घाटावरचा होता. त्याने सहदेवला गेटवर उभं करून कारण विचारलं.

"साहेब, क्लच शेजाऱ्याकडे होता."

"दुरुस्तीला दिलाय?"

"नाही साहेब. मालकीने."

सुपरवायझरने त्याच्या तोंडाचा वास घेऊन बघितला. मग सांगितलं, "हे बघ, पावसाळ्याच्या आधी तुमच्यातल्या काही पोरांना कायम करणार आहेत. तुझं काम चांगलं आहे. पण आता एकदा जरी कारखान्याच्या भोंग्यानंतर आलास, तर गेटवरूनच परत जायचं. पुन्हा यायचंच नाही."

रात्री जेवताना सहदेवने हे सांगितलं. भाकरी तशीच पुढे होती. त्याच्या बरोबरीची वाडीतली पोरं मुंबईला गेलेली, एकेका खोलीत बाराजण राहणारी. हा एकटा डोंगरात राहून घरचं खात होता आणि ते त्याला हवं होतं. मला त्याहून हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी स्टँडखाली एक चपटा दगड सरकवला. गाडी लगेच सावरली. हँडल गडग्याच्या अलीकडे आलं. मी दगडावरची माती पुसतोय तोच पलीकडून ओरड.

"टेकू! टेकू लावला! चंपे, बघून ठेव गो, टेकू लावला!"

"अरे, दगड हाय नुसता."

"मी फांदीला दोर लावला तेव्हा तो पण नुसता दोर होता. गावकीत गेलास ना?"

मी दगड काढला. गाडी पुन्हा त्याच्या अंगणात लवंडली. चंपाबाईने सुकटीची टोपली अडकवली.

"मग महाडला लतीफच्या गॅरेजात नेतो," मी म्हणालो. "स्टँडलाच तुकडा जोडून घेतो."

"आतून लावला म्हणून टेकू टेकूच. माझी राजीखुशी पाहिजे."

"मग दे की राजीखुशी."

कोंडाजी याचीच वाट बघत होता. त्याने टोपी काढली, झटकली, परत घातली. "फांदी दे," तो म्हणाला. "फणसाची. क्लच घे नि फांदी दे."

त्या वर्षी ती फांदी लगडली होती. एवढी कधीच लागली नव्हती. फणस असे लोंबत होते की खालून जाताना वाकून जावं लागे. मी रोज संध्याकाळी जाऊन एकेकावर टिचकी मारून यायचो. मी कोंडाजीला म्हणालो, "फांदी नाय देणार." आणि घरात आलो.

ठकूबाईने सगळं ऐकलं होतं. तिने ताट वाढलं. ताटात फणसाच्या कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी, भाताच्या जागी पण कुयरीची भाजी.

"हे काय?"

"खा. पोराची नोकरी गेली की हेच खायचं हाय. आतापासून सवय करा."

"अगो, निकाल मी जिंकलाय तो."

"फणसाची भाजी तरी करता येते. तुमच्या निकालाची काय करू? आमटी?"

मी भाजी खाल्ली. चवीला चांगली होती, तेच वाईट.

त्यानंतर एक दिवस पहाटे सहदेव गडग्यापाशी उभा राहिला आणि कोंडाजी बाहेर आलाच नाही. सहदेवने हाक मारली. चंपाबाई दारात आली. म्हणाली, "त्यांचं अंग दुखतंय. निजलेत."

"काकी, तुम्ही द्या ना क्लच."

"माझा फक्त आरसा हाय रे. आरसा ने हवा तर."

वाडीतले चार लोक जमले. जो तो सहदेवला सांगत होता, जा घेऊन. पण हँडलला हात लावून द्यायला एकही पुढे येत नव्हता. सहदेव गाडीकडे बघतही नव्हता. डबा छातीशी धरून तो समोरच्या डोंगराकडे बघत होता, जिकडून उजाडतं. तिकडे फटफटायला लागलं होतं. शाळेतून उशिरा आल्यावर दाराबाहेर उभा राहायचा ना, आत येऊ का विचारायला, तसाच उभा होता.

मी गडगा ओलांडला. कोंडाजीच्या दारातून आत गेलो. तो घोंगडी डोक्यावरून घेऊन पडला होता. दुखत वगैरे काही नव्हतं. घोंगडीतून मशेरीचा वास येत होता.

"कोंड्या, फांदी घे."

घोंगडी हलली. "सगळी?"

"सगळी."

तो उठून बसला. मी एवढ्यात देईन असं त्याला वाटलं नव्हतं. खरं तर आता पुढे काय करायचं हेच त्याला सुचेना. फांदी मिळाली की भांडण संपलं, आणि भांडण संपलं की पहाटे उठून टोपी कुणासाठी घालायची?

"सगळी कशी देतोस?" तो म्हणाला. "गावकीचा निकाल पडेल तो. एक फणस तुझ्याकडे राहू दे. निकालाचा मान म्हणून."

"मग तुझ्या निकालाचा मान? तुझ्याकडे काय राहील?"

"ते नंतर बघू. आधी त्या पोराला वाटेला लावू दे." आणि तो चूळ न भरता, टोपी न घालता, बोडक्या डोक्याने अंगणात पळाला. हँडल उचललं. "जा, जा, जा," म्हणाला. 'दिला' म्हणायला विसरला. गाडी उतारावरून गेली. दिसेनाशी झाली तरी आम्ही दोघे आवाज ऐकत उभे होतो. संध्याकाळी सहदेव आला तेव्हा म्हणाला, आत पाय टाकला आणि मागे कारखान्याचा भोंगा झाला.

सुट्टीच्या दिवशी सहदेव गाडी घेऊन महाडला गेला. मी आणि कोंडाजी एसटीने गेलो. वाटेत आम्ही त्याच्याकडे काय राहावं हे ठरवत होतो. क्लच नको, त्यात नोकरी अडकते. आरसा चंपाबाईला हवा होता, पण ठकूबाईने आधीच सांगितलं होतं की पोराला मागून ट्रक दिसला पाहिजे. इंडिकेटर कोंडाजीला नको होता. "आपल्या वाडीत वळायला वाट कुठं हाय?" उरला भोंगा. तो हँडलच्या अगदी टोकाला होता. एक फणस माझ्याकडे, एक भोंगा त्याच्याकडे. दोन्ही निकाल जिवंत. आम्हाला इतकं बरं वाटलं की कंडक्टरने दोनदा विचारलं तरी तिकिटाकडे लक्ष नव्हतं.

लतीफचं गॅरेज वीर स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याला. लतीफ कुवेतला राहून आलेला, हात हुशार, तोंड मोकळं. त्याने गाडी स्टँडवर लावली, मान वाकडी करून बघितली आणि हसला. "मामा, ही गाडी नाय, नमाजात वाकतात तशी रुकूत गेलेली हाय. पाईपचा तुकडा घालून वेल्डिंग मारतो. खाली चकती लावतो म्हणजे मातीत रुतणार नाय. चहा प्या, तोवर सरळ."

"सरळ नाय करायची," कोंडाजी म्हणाला.

"मग?"

"कमी वाकडी."

"किती कमी?"

"भोंग्यापुरती."

लतीफने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. मग सहदेवकडे बघितलं. सहदेव दुसरीकडे बघत होता.

"कुवेतात शेखांच्या गाड्या केल्या मी," लतीफ म्हणाला. "पण गाडी थोडी वाकडी ठेव असं कुणी बोललं नव्हतं. बरं, तुमची जमीन कशी हाय? इथं सपाट हाय. इथलं माप तुमच्या अंगणात चालायचं नाय. जमीन आणलीत का बरोबर?"

जमीन आम्ही आणली नव्हती. पण तिचा उतार आम्हाला जन्मापासून पाठ होता. आम्ही गॅरेजमागून विटा आणि फळ्या आणल्या आणि अंगण रचलं. "अजून वर," कोंडाजी सांगायचा. "पावसाचं पाणी कुठनं जातं ते आठव." "तिथं खड्डा हाय, तुझ्या म्हशीने केलेला," मी सांगायचो. दुसऱ्यांच्या गाड्या घेऊन आलेले लोक आपली कामं सोडून आमचं अंगण बघत उभे राहिले. अंगण झालं. गडगा राहिला.

"मी गडगा," कोंडाजी म्हणाला, आणि फळीच्या कडेला उकिडवा बसला. "गुडघ्याएवढा हाय ना बरोबर?"

"टोपी काढ. टोपीने उंच होतोस."

त्याने टोपी काढली. मी खिशातून भागोजी आबांचा अडकित्ता काढला. आबांनी तो फक्त मापापुरता दिला होता. तो मी फळीवर ठेवला आणि दोरी शोधायला लागलो. तेवढ्यात लतीफने तो उचलून आपल्या डब्यातली सुपारी कातरली.

"अरे, अरे, ते माप हाय!" गडगा ओरडला.

लतीफने तोंडात टाकलेली सुपारी तशीच धरून अडकित्ता दोन्ही हातांनी परत दिला.

पहिला तुकडा जोडला. गाडी अंगणात लावली. ती ताठ उभी राहिली, शाळेतल्या पोरासारखी. भोंगासुद्धा माझ्याच हद्दीत. कोंडाजीचं तोंड उतरलं. एवढ्यात रस्त्याने रेतीचा ट्रक गेला, जमीन हादरली, आणि गाडी उजवीकडे, म्हणजे माझ्यावर पडली. मी विटांसकट बसलो.

"लागलं का बाबा?" सहदेव धावला.

"पडली ती तुझ्या बाजूला हं," कोंडाजी बसल्या जागेवरून म्हणाला. "हात पण लावणार नाय. पूर्ण तुझी हाय ती आता."

"बघितलंत?" लतीफ म्हणाला. "गाडीला थोडं वाकावंच लागतं. न वाकणारी गाडी पडते. म्हणून म्हणत होतो आधी जमीन सांगा."

"आम्ही कधीपासनं वाकडीच सांगतोय," कोंडाजी म्हणाला.

लतीफने तुकडा कापला, पुन्हा जोडला, पुन्हा लावून बघितला. माझ्या हातात दोरी, दोरीला अडकित्ता. एकदा क्लचचं टोक दोरीपलीकडे गेलं. मी म्हणालो चालणार नाय. एकदा भोंगा अर्धाच गेला. कोंडाजी म्हणाला, अर्ध्याने आवाज येत नाय. शेवटी लतीफने चकती बसवली, कानशीने घासली, गाडी लावली आणि मागे झाला. अडकित्ता स्थिर झाला. क्लच अलीकडे. आरसा अलीकडे. इंडिकेटर अलीकडे. भोंगा, पूर्ण फुग्यासकट, कोंडाजीच्या डोक्यावर.

कोंडाजीने गडगा न मोडता हात वर केला आणि फुगा दाबला. पों झालं. समोरच्या घरातून एक बाई ताट घेऊन बाहेर आली आणि विचारायला लागली, बांगडे आहेत का.

वाडीत परतल्यावर आबांनी स्वतः येऊन खऱ्या गडग्यावर अडकित्ता धरला. बराच वेळ धरला. मग म्हणाले, "निकाल राहिला." एवढंच. अडकित्त्याला काळं कसलं लागलंय म्हणून विचारलं. आम्ही दोघांनी माहीत नाही असं सांगितलं.

आता सहदेवला क्लच मागावा लागणार नव्हता. पण दुसऱ्या दिवशी पहाटे, सहदेव अजून पांघरुणात, तोच अंगणात पों झालं. मी धडपडत बाहेर गेलो. कोंडाजी गडग्यापलीकडे उभा, मशेरी लावलेली, टोपी घातलेली.

"काय झालं रे?"

"काय नाय. वहिवाट," तो म्हणाला. "वस्तू आपली हाय तर वापरात पाहिजे. रोज वाजवला नाय तर उद्या तू गावकीत जाऊन म्हणशील, याची वहिवाट मोडली."

आणि मी खरंच म्हटलं असतं.

तो रोज वाजवायला लागला. पहिल्या कोंबड्याच्या आधी. वाडीतली सगळी मांजरं आमच्या अंगणात जमायची आणि बायका झोपेतच ताट शोधायच्या. चार दिवस लोकांनी शिव्या दिल्या. मग त्याच आवाजावर चुली पेटायला लागल्या. सहदेव उठायचा, डबा घ्यायचा, हँडलला हात घालायचा आणि जायचा. एकही दिवस उशीर झाला नाही. उशीर करायचा म्हटलं असतं तरी झाला नसता.

पावसाळ्याच्या तोंडावर तो एका संध्याकाळी गाडी लावून आत आला आणि ठकूबाईच्या पाया पडला. त्याला कायम केलं होतं. ठकूबाई रडली आणि लगेच मला म्हणाली, "बसलात काय? पलीकडे सांगून या."

मी गडग्यापाशी गेलो. कोंडाजी खोबरेल तेल लावून भोंग्याचा फुगा पुसत होता.

"सहदेव कायम झाला, कोंड्या."

"मग? व्हायचाच होता." त्याने फुगा पुसणं थांबवलं नाही. "तुझा फणस उतरवलास का?"

त्याने माझ्यासाठी ठेवलेला फणस फांदीवरचा सगळ्यांत लहान होता. नारळापेक्षा थोडा मोठा.

"उतरवतो की. एवढी घाई काय?"

"या वर्षी नाय खाल्लास तर वहिवाट मोडेल. मग मी देणार नाय, सांगून ठेवतो."

मी तो त्याच संध्याकाळी उतरवला. कच्चा होता, तरी दोन्ही घरांनी मिळून खाल्ला. रात्रभर पोट दुखलं. पहाटे जरा डोळा लागत होता तर पों झालं.

"कोंड्या, आज रविवार हाय रे!" मी आतूनच ओरडलो. "कारखाना बंद हाय!"

"कारखाना बंद असेल," पलीकडून आवाज आला, आणि मग पुन्हा, पों.